विश्लेषण : मूस सुटली, माती खुणावतेय! गलाई कुटुंबांची तिसरी पिढी सांगलीकडे का वळतेय?

सांगलीच्या खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि साताऱ्याच्या खटाव, माण या दुष्काळी तालुक्यांतून कित्येक दशके माणसे देशभर गेली ती सोने-चांदी वितळवायला. ‘गलाईवाले’ ही त्यांची ओळख. आजोबा गेले, वडील तिथेच वाढले, नातवंडे तर तमिळ, मल्याळम, बंगाली किंवा हिंदी बोलत मोठी झाली. आता सोन्याच्या बाजाराची रीत बदलली आहे आणि ज्या गावातून पाण्याअभावी बाहेर पडावे लागले, त्यातल्या अनेक शिवारांत कृष्णेचे पाणी आले आहे. त्यामुळे तिसऱ्या पिढीतील काही तरुण धंदा बदलताना गावाचाही विचार करू लागले आहेत. मात्र ही परत येण्याची वाट वाटते तितकी सरळ नाही.

गलाई व्यवसाय म्हणजे नेमके काय?

वितळवणे या अर्थाच्या हिंदी ‘गलाना’ या क्रियापदावरून ‘गलाई’ शब्द आला. सराफ बाजारात मोडीत आलेले दागिने वितळवून त्यातले शुद्ध सोने वेगळे करणे, हे या व्यवसायाचे मूळ काम. २२ कॅरेटच्या दागिन्यात ९१.६ टक्के सोने असते, बाकी तांबे, चांदी वगैरे. म्हणजे १०० ग्रॅम मोडीतून जास्तीत जास्त ९१.६ ग्रॅम शुद्ध सोने हाती यायला हवे. ते किती कमी येते, यावर कारागिराची पत ठरते.

पद्धत ऐकायला सोपी आहे. मोड मुशीत वितळवायची. त्यात साधारण एक वाटा सोन्याला तीन वाटे चांदी, असे प्रमाण होईल इतकी चांदी मिसळायची. शुद्ध सोने हवे असताना आणखी चांदी कशासाठी? तर सोन्याचे प्रमाण जास्त राहिले, की नायट्रिक ॲसिड धातूच्या आतपर्यंत पोहोचत नाही. हे मिश्रण ॲसिडमध्ये उकळले, की चांदी आणि तांबे विरघळतात आणि सोने तळाशी उरते. ते धुऊन, टाकणखार घालून पुन्हा वितळवले, की लगड तयार होते. उरलेल्या द्रावणात तांब्याच्या पट्ट्या सोडून चांदीही परत मिळवली जाते.

सोनाराच्या दुकानातील झाडलोटीची माती, भट्टीची राख, जुन्या मुशी यांतूनही कणकण सोने काढले जाते. १० ग्रॅम सोन्याचा भाव एक लाख रुपये धरला, तर १०० ग्रॅमच्या कामात दशांश ग्रॅम सोने वाया जाणे म्हणजे हजार रुपयांचा फटका. म्हणूनच आच किती ठेवायची, ॲसिड कधी बदलायचे, रंगावरून टंच कसा ओळखायचा, हे ज्ञान वर्षानुवर्षे भट्टीपुढे बसूनच मिळत आले. त्याची ना पदवी असते, ना प्रमाणपत्र.

याच भागातून ही माणसे का गेली?

पहिले कारण पाऊस. सातारा जिल्ह्यातच महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातील माण, खटाव, पलीकडचे आटपाडी, खानापूर हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. येरळा आणि माण या इथल्या नद्या वर्षातला बराच काळ कोरड्या असत. एका पावसावरची ज्वारी-बाजरी, चार शेळ्या-मेंढ्या आणि दुष्काळ पडला की खडी फोडायला जाणे, असे हे जगणे. १९७२च्या दुष्काळाने तर घरातला एक तरी माणूस बाहेर पाठवणे भागच पाडले.

दुसरे कारण ओळखीची साखळी. एकाने परमुलखात भट्टी टाकली, की तो गावाकडून भावाला, भाच्याला, मेव्हण्याला बोलावून घेई. मुलगा चार-पाच वर्षे हाताखाली राबे, काम शिके आणि जवळच्या दुसऱ्या सराफ बाजारात स्वतःचे दुकान टाके. या धंद्यात लोकांचे सोने हाती असते. त्यामुळे अनोळखी माणूस चालत नाही आणि गावाची, भावकीची ओळख हाच जामीन ठरतो. एकेका गावाची माणसे त्यामुळेच एकेका प्रांतात सापडतात. आज काश्मीरपासून केरळपर्यंत जिथे सराफ पेठ आहे, तिथे खानापूर-आटपाडीकडचे कोणी ना कोणी भेटतेच.

सरकारी धोरणाचाही त्यात वाटा आहे. १९६३मध्ये सुवर्ण नियंत्रणाखाली १४ कॅरेटपेक्षा शुद्ध दागिने घडवण्यावर बंदी आली आणि १९६८मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा झाला. १९९०मध्ये तो रद्द झाल्यावर सराफ बाजार मोकळेपणाने वाढला. दक्षिणेतील शहरांत दागिन्यांची दुकाने वाढली, तसे मोड वितळवण्याचे कामही वाढले.

मग गावाशी नाते कसे टिकले?

ते टिकले दिनदर्शिकेवर. सुगीला नाही तरी यात्रेला यायचेच, हा गलाई कुटुंबांचा शिरस्ता. विट्यात दसऱ्याला होणारी श्री रेवणसिद्धांच्या पालख्यांची शर्यत, रेणावीच्या रेवणसिद्धाचे दर्शन, खरसुंडीच्या सिद्धनाथाची यात्रा या दिवसांत परराज्यांतील नंबरप्लेटच्या गाड्या रस्त्यांवर दिसू लागतात. मुलाचे जावळ कुलदैवतापुढे, लग्न गावाकडच्या पाहुण्यांत आणि म्हातारपण गावच्या घरात, असा पहिल्या दोन पिढ्यांचा अलिखित नियम होता.

पैसाही त्याच वाटेने आला. मंदिराचा जीर्णोद्धार, शाळेची खोली, कुस्ती मैदानाची इनामे यांत गलाई व्यावसायिकांच्या वर्गणीचा वाटा मोठा असतो. गावोगावी त्यांनी टोलेजंग घरे बांधली. त्यातली कितीतरी वर्षातले अकरा महिने कुलूपबंद असतात. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत या मतदारांना आणण्यासाठी गाड्या पाठवल्या जातात, यावरून त्यांचे वजन कळते.

तिसऱ्या पिढीत मात्र हे नाते पातळ झाले. परराज्यात जन्मलेल्या मुलाला मराठी कळते, पण वाचता येतेच असे नाही. त्याच्यासाठी गाव म्हणजे मे महिन्याची सुटी, आजी आणि यात्रेतला पाळणा. भावकीतील वाद, बांधाची भांडणे, सातबारावरची नावे यांचा त्याला गंधही नसतो. तिकडच्या शाळेत तो ‘महाराष्ट्रवाला’ आणि गावात ‘मद्रासवाल्याचा पोरगा’ असतो.

धंद्यात नेमके काय बदलले?

पहिला बदल म्हणजे टंच काढण्याचे काम यंत्राकडे गेले. क्ष-किरणांवर चालणारे यंत्र दागिना न वितळवता काही क्षणांत त्यातील सोन्याचे प्रमाण सांगते. कसोटीच्या दगडावर रेघ ओढून शुद्धता सांगणाऱ्या नजरेची किंमत त्यामुळे उतरली.

दुसरा बदल हॉलमार्कचा. १६ जून २०२१पासून पहिल्या टप्प्यात देशातील २५६ जिल्ह्यांत हॉलमार्किंग सक्तीचे झाले. १ एप्रिल २०२३पासून सहा अंकी-अक्षरी ओळख क्रमांक असलेलेच हॉलमार्कचे दागिने विकण्याचे बंधन आले. ग्राहकाच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. पण दागिन्याची शुद्धता त्याच्यावरच कोरलेली असली, की ती ठरवण्यासाठी गलाईवाल्याकडे जाण्याची गरज कमी होते. मोठ्या साखळी दुकानांनी जुने सोने घेऊन ते आपल्याच दालनात ग्राहकासमोर वितळवण्याची सोय केली. आधुनिक शुद्धीकरण प्रकल्पही उभे राहिले. मधला छोटा भट्टीवाला या दोघांच्या कात्रीत सापडला.

तिसरा बदल हिशेबाचा. नोव्हेंबर २०१६ची नोटाबंदी आणि जुलै २०१७पासूनचा वस्तू व सेवा कर यांमुळे विश्वासावर आणि रोखीवर चालणाऱ्या या व्यवहाराला कागद जोडावा लागला. सोन्यावर तीन टक्के कर आणि प्रत्येक हालचालीचे दस्तऐवज, ही एका खोलीतील दुकानासाठी मोठी उडी होती.

चौथा मुद्दा जोखमीचा. मोडीत आलेले सोने चोरीचे निघाले, तर वितळवणाऱ्यावरही बालंट येऊ शकते. भारतीय न्याय संहितेतील कलम ३१७, म्हणजे पूर्वीचे भारतीय दंड विधानातील कलम ४११, चोरीचा माल स्वीकारण्याबद्दलचे आहे. सोने घेताना त्याचे मूळ तपासण्याचे साधन छोट्या कारागिराकडे नसते आणि परमुलखात पाठीशी उभे राहणारेही कमी. त्यात एप्रिल २०२५मध्ये सोन्याने १० ग्रॅमला एक लाख रुपयांची पातळी ओलांडली. तेवढ्याच कामाला आता कैकपट भांडवल अडकते आणि लुटीची भीतीही त्याच पटीने वाढते.

पाचवा मुद्दा आरोग्याचा. नायट्रिक ॲसिडमध्ये धातू विरघळताना निघणारा तपकिरी धूर फुप्फुसांना घातक असतो. दाट वस्तीतील पेठांत अशा भट्ट्या चालवणे आता सोपे राहिलेले नाही. आपल्या मुलाने याच धुरात बसावे, असे वडिलांनाही वाटत नाही.

म्हणजे गलाई संपणार का?

तसे म्हणता येणार नाही. वर्ल्ड गोल्ड कौन्सिलनुसार २०२४मध्ये भारतात सोन्याची मागणी सुमारे ८०० टन होती. भाव वाढला, की जुने सोने मोडून नवे घेण्याचा कलही वाढतो. कुणाला तरी ते वितळवावे लागणारच. काही गलाई कुटुंबांनी काळाची पावले ओळखून सराफी दुकाने काढली, काहींनी यंत्रे घेऊन टंच केंद्रे सुरू केली. ज्यांच्याकडे भांडवल आणि जागा आहे, ते वर सरकले. प्रश्न आहे तो भाड्याच्या खोलीत एक भट्टी चालवणाऱ्यांचा आणि त्यांच्याकडे मजुरीवर असलेल्या कारागिरांचा. त्यांच्या मुलांना नवा मार्ग शोधण्यावाचून गत्यंतर नाही.

गावाकडे आता नवे काय आहे?

पाणी. सातारा जिल्ह्यातील कराड तालुक्यात टेंभू येथे कृष्णेचे पाणी अडवून ते टप्प्याटप्प्याने उचलत पूर्वेकडे नेणारी टेंभू उपसा सिंचन योजना १९९०च्या दशकात सुरू झाली. मूळ आराखड्यात २२ टीएमसी पाणी आणि सुमारे ८० हजार हेक्टर क्षेत्र होते. निधीअभावी ती वर्षानुवर्षे रखडली. पण कालवे जसजसे पुढे सरकले, तसतसे कडेगाव, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि सोलापूरच्या सांगोल्यापर्यंत पाणी पोहोचू लागले. या पाण्यासाठी पाठपुरावा करणारे खानापूरचे आमदार अनिल बाबर यांचे ३१ जानेवारी २०२४ रोजी निधन झाले, तेव्हा ‘पाणीदार आमदार’ म्हणून त्यांची आठवण काढली गेली, यातच या भागासाठी पाण्याचे मोल कळते.

पाणी आल्यावर पडीक माळांवर द्राक्ष, डाळिंब, ऊस आणि भाजीपाला दिसू लागला. दुग्धव्यवसाय आणि विटा परिसरातील कुक्कुटपालन यांनाही आधार मिळाला. आजोबांनी विकायला काढली तरी गिऱ्हाईक न मिळालेल्या जमिनीला आता भाव आहे. २०२०च्या टाळेबंदीत पेठा बंद झाल्या, तेव्हा अनेक गलाई कुटुंबे आयुष्यात प्रथमच सलग काही महिने गावात राहिली. तेव्हा या बदललेल्या शिवाराकडे तरुणांचे लक्ष गेले.

त्यामुळे प्रातिनिधिक चित्र असे दिसते : दक्षिणेतील एखाद्या शहरात वाढलेला, पदवीधर, तिशीतला मुलगा. वडिलांची भट्टी कशीबशी चालू. त्याच्यापुढे तीन पर्याय असतात. तिथेच नोकरी धरायची, पुण्या-मुंबईला जायचे किंवा गावच्या पाच-सहा एकरांत बाग लावून जोडीला काहीतरी उभे करायचे. तिसरा पर्याय निवडणाऱ्याला केवळ व्यवसाय बदलायचा नसतो. त्याला सातबारा वाचायला, भावकीत बसायला आणि पाऊस ओळखायलाही शिकावे लागते.

अशी परत येण्याची लाट पूर्वी आली होती का?

आली होती आणि तिने या तालुक्याला बरेच काही दिले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. खानापूर तालुक्यातील कितीतरी कामगार रोजगार गमावून गावी आले, तर गावात दुष्काळ. या कामगारांनी संघटनेचा अनुभव गावात वापरला. मुक्ती संघर्ष चळवळीतून दुष्काळाच्या कारणांवर चर्चा सुरू झाली आणि येरळा नदीतील बेसुमार वाळूउपशाला विरोध झाला. १९८०च्या दशकाच्या अखेरीस बलवडी-तांदूळवाडी येथे लोकांच्या श्रमांतून बळीराजा धरण उभे राहिले. त्यासाठी वाळूच्या मर्यादित विक्रीतून पैसा उभा केला गेला आणि भूमिहीनांनाही पाण्याचा वाटा मिळावा, असे समन्यायी वाटपाचे तत्त्व मांडले गेले. पुढे तेरा दुष्काळी तालुक्यांच्या पाणी चळवळीला या विचाराने बळ दिले.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. बाहेरून आलेला माणूस फक्त पैसा आणत नाही, तो काम करण्याची पद्धतही आणतो. गिरणी कामगारांनी संघटना आणली. गलाईची तिसरी पिढी बाजारपेठेची जाण, चार भाषा आणि परराज्यांतील ओळखी आणू शकते. आटपाडीचे डाळिंब किंवा तासगावचा बेदाणा दक्षिणेत विकायचा, तर तमिळ किंवा मल्याळम बोलणारा गावचाच मुलगा यासारखा दुसरा दुवा नाही.

मग अडचण कुठे आहे?

सर्वांत मोठी अडचण कागदांची. महाराष्ट्रात अधिवास प्रमाणपत्रासाठी साधारणपणे १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. मूळ गाव विटा असले, तरी शाळेचा दाखला कोइमतूरचा असेल तर पेच पडतो. वैद्यकीय पदवीच्या राज्य कोट्यासाठी दहावी-बारावी महाराष्ट्रातून उत्तीर्ण होण्याची अट सर्वसाधारणपणे लागू असते. त्यामुळे मुले मोठी होण्याआधीच कुटुंबाला निर्णय घ्यावा लागतो. २०२०च्या कायद्याने राज्यात सर्व माध्यमांच्या शाळांत दहावीपर्यंत मराठी विषय अनिवार्य आहे. ज्याची अक्षरओळख दुसऱ्याच लिपीत झाली, त्या सातवीतल्या मुलासाठी ही सोपी गोष्ट नाही.

शेतीचे कागद त्याहून गुंतागुंतीचे. आजोबांच्या नावावरची जमीन, वारस नोंद झालेली नाही, चुलत्यांत तोंडी वाटणी, असे चित्र घरोघरी आढळते. २०२५पासून राज्यात कृषी योजनांच्या लाभासाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. त्यासाठी सातबारावर नाव हवे. प्रत्यक्षात जमीन कसणारा तरुण नाव नसल्याने अनुदान आणि नुकसानभरपाईच्या यादीबाहेर राहू शकतो.

मतदार यादीचाही प्रश्न आहे. कायद्यानुसार एका व्यक्तीचे नाव एकाच मतदारसंघात असू शकते. ऑक्टोबर २०२५मध्ये निवडणूक आयोगाने तमिळनाडू, केरळ, उत्तर प्रदेश, पश्चिम बंगालसह १२ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत मतदार याद्यांची सखोल फेरतपासणी जाहीर केली. त्यामुळे ‘तुमचे घर नेमके कुठले?’ या प्रश्नाचे उत्तर गलाई कुटुंबांना अर्जावर लिहून द्यावे लागले.

आणि शेती म्हणजे हमखास उत्पन्न नव्हे. डाळिंबावर तेल्या आणि खोडकीड, द्राक्षावर अवकाळी पाऊस, भावाची खात्री नाही. उपसा योजनेचे पाणी फुकट नसते. वीजबिलाचा ८१ टक्के भार सरकार आणि १९ टक्के लाभधारक उचलतात, तरी आवर्तन वेळेवर मिळेलच असे नाही. भट्टीवर रोज संध्याकाळी हिशेब मिटतो, बागेत वर्ष-दोन वर्षे फक्त खर्च करावा लागतो. हा फरक न समजता साठवलेली पुंजी एकाच बागेत घालणारे अडचणीत येतात.

इतरांनी अशा वेळी काय केले?

अमेरिकेत गेलेल्या मेक्सिकन स्थलांतरितांच्या गाव-मंडळांची गोष्ट गलाईवाल्यांशी मिळतीजुळती आहे. तेही वर्गणी काढून गावात चर्च, रस्ते आणि शाळा बांधत. झाकातेकास प्रांतात सुरू झालेली आणि २००२पासून देशभर लागू झालेली ‘तीनास एक’ योजना त्यावरच उभी होती. स्थलांतरितांनी एक पेसो दिला, की केंद्र, प्रांत आणि नगरपालिका प्रत्येकी एक पेसो घालत. गावच्या ओढीला सरकारने हिशेबाची जोड दिली. काही वर्षांपूर्वी ती योजना गुंडाळली गेली, पण कल्पना आजही विचार करण्याजोगी आहे. आपल्याकडे केरळने १९९६मध्येच राज्याबाहेरील केरळी लोकांसाठी ‘नोर्का’ हा स्वतंत्र विभाग स्थापन केला आणि परदेशांतून परतणाऱ्यांना व्यवसायासाठी कर्जसाहाय्याची योजना आणली. ज्या केरळात गलाई कुटुंबे राहतात, तिथलाच हा नमुना आहे.

सांगली-साताऱ्यात याची सुरुवात लहान गोष्टींनी होऊ शकते. यात्रेच्या आठवड्यात गावातच वारस नोंदी आणि दाखल्यांची शिबिरे, कारण त्याच आठवड्यात सगळी भावकी एकत्र असते. परराज्यातून आलेल्या मुलांसाठी शाळेत मराठीचा जोडवर्ग. मंदिराच्या वर्गणीइतकीच वर्गणी प्रतवारी केंद्राला किंवा शीतगृहाला मिळाली, तर तिच्यात सरकारचीही भर.

यात पणाला काय लागले आहे?

या कुटुंबांकडे वारसे दोन आहेत. एक गावाचा, दुसरा भट्टीचा. पहिल्याकडे तिसरी पिढी नव्याने वळते आहे, दुसरा तिच्या हातून निसटतो आहे. मातीतून कणभर सोने वेगळे काढणारे ज्ञान कोणत्याही अभ्यासक्रमात नोंदलेले नाही, ते साठी-सत्तरीच्या माणसांच्या हातात आहे. मोबाइल आणि संगणकांच्या भंगारातून सोने, चांदी, तांबे काढण्याचा उद्योग जगभर वाढत असताना, सुरक्षित धुराडी आणि शास्त्रशुद्ध प्रशिक्षणाची जोड मिळाली तर हेच कौशल्य विट्यात नवा रोजगार उभा करू शकते. तसे झाले नाही, तर गावातील बंगल्यांची कुलुपे कदाचित उघडतील, पण ते बंगले ज्या विद्येने बांधले ती शिकवणारे कोणी उरणार नाही.